फ्लॅश, लाईट आणि टँकमधले मासे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात फिश टँक असला की पाहुण्यांची दोन कामं ठरलेली असतात. एक जण काचेवर टकटक करतो, दुसरा मोबाईल काढून फ्लॅश मारतो. मग घरातलं कुणीतरी ओरडतं, "अरे, आंधळे होतील ना मासे!" खरंच होतात का, इथून सुरुवात करून लाईटबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः गोड्या पाण्याच्या घरगुती टँकला धरून आहेत.

फ्लॅशमुळे मासे आंधळे होतात का?

टँकचा लाईट चालू आहे, मासे धडधाकट आहेत आणि तुम्ही दोनचार फोटो काढलेत, तर नाही.

कॅमेऱ्याचा फ्लॅश डोळ्यांना झगझगीत वाटतो, पण तो टिकतो किती? पूर्ण ताकदीवर सेकंदाचा साधारण हजारावा भाग, कमी ताकदीवर त्याहूनही कमी. डोळ्याचा पडदा प्रकाशाने जाळायचा तर तीव्रतेबरोबर वेळही लागतो. झेब्रा डॅनिओ या आपल्या उपखंडातल्याच माशावर प्रयोगशाळेत असे प्रयोग झाले आहेत. डोळ्यातल्या प्रकाशपेशी मुद्दाम मारायच्या म्हणून संशोधक अल्बिनो, म्हणजे अंगात काळं रंगद्रव्य नसलेले, मासे निवडतात, त्यांना आधी बराच काळ अंधारात ठेवतात आणि मग प्रखर प्रकाशात दिवसच्या दिवस सोडतात. एवढा खटाटोप केल्यावर पेशी मरतात. गंमत म्हणजे या माशाच्या डोळ्यात त्या पुन्हा तयारही होतात, आणि संशोधकांना खरा रस त्यातच असतो. आपल्या अंगात ही सोय नाही.

थेट फ्लॅशवरचा अभ्यासही आहे. ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये समुद्रघोडे आणि तळाशी बसून राहणारे इतर मासे यांच्यावरचं काम प्रसिद्ध केलं. फ्लॅशमुळे डोळ्यांना इजा झाल्याचं त्यात आढळलं नाही. पाणबुड्या फोटोग्राफरने चांगल्या फ्रेमसाठी माशाला हाताने हलवणं, ढोसणं, याने मात्र मासे फ्लॅशपेक्षा कितीतरी जास्त बिथरले.

पण माशांना पापण्या नसतात. मग उजेडापासून ते डोळे वाचवतात कसे?

पापण्या नसतात हे बहुतेक माशांच्या बाबतीत खरं. (आपल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी मात्र डोळे मिचकावते. तिची गोष्टच वेगळी.) मुशी आणि पाकट यांसारखे मासे सोडले तर बहुतेक माशांची बाहुलीही आपल्यासारखी लहानमोठी होत नाही. त्यांची व्यवस्था आत, डोळ्याच्या पडद्यात असते. उजेड वाढला की पडद्यातलं काळं रंगद्रव्य सरकतं आणि अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या नाजूक पेशींना झाकून घेतं. अंधार पडला की उलट.

ही यंत्रणा चोख आहे, पण संथ. पेशी आणि रंगद्रव्य प्रत्यक्ष जागा बदलतात, त्याला काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. नदीत पहाट हळूहळू होते, त्यामुळे माशाला घाई कधी करावीच लागली नाही. या पानावरची निम्मी उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

बाहुलीच्या नियमाला तुमच्याच टँकमध्ये एक अपवाद सापडेल: सकर, म्हणजे प्लेको. काचेला चिकटलेल्या सकरचा डोळा दिवसा जवळून बघा. बाहुली गोल दिसत नाही. वरून बुबुळाची एक झडप खाली उतरलेली असते आणि बाहुलीचा घोड्याच्या नालेसारखा अर्धगोल उरतो. लाईट बंद केल्यावर काही वेळाने मंद उजेडात पाहिलंत तर तीच झडप वर गेलेली आणि बाहुली पूर्ण उघडलेली दिसते.

इजा होत नाही, तर फ्लॅश मारला की मासे दचकतात का?

इजा होणं आणि दचकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा गोंधळ त्या एकत्र केल्यामुळे होतो. अचानक काही बदललं की आधी पळायचं आणि मग विचार करायचा, ही माशाची जन्मजात रीत. सावली, आवाज, धक्का, उजेड, कशानेही तो बुजतो. नदीत बुजलेल्या माशाला पळायला जागा असते. आपल्याकडे तो दोन फुटांवर काचेला धडकतो.

उजेडाची नुसती चमक माशांना नवी नाही. उथळ पाण्यात ऊन पडलं की लाटा भिंगासारखं काम करतात आणि तळाशी प्रकाशाच्या रेषा क्षणाक्षणाला चमकत राहतात. दिवसा, लाईट चालू असताना मारलेल्या फ्लॅशकडे गप्पी, मॉली, बार्ब सहसा ढुंकूनही बघत नाहीत ते त्यामुळेच असावं. तोच फ्लॅश अंधाऱ्या टँकवर मारला तर टँकमध्ये धावपळ उडते.

फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी मासा मेला. फ्लॅशमुळेच ना?

बहुधा नाही. फोटो कधी काढले जातात ते आठवा: टँक नवीन आणलेला असतो, किंवा नवीन मासा सोडलेला असतो, किंवा घरात कार्यक्रम असतो. नव्या टँकमध्ये अमोनिया वाढतो, नवा मासा प्रवासाने खचलेला असतो, आणि कार्यक्रमात प्रत्येक मूल चिमूटभर खाणं टाकून जातं. आधी पाण्याची चाचणी करा, नळाचं पाणी क्लोरीन न काढता घातलं होतं का ते आठवा. फ्लॅशच्या भीतीने मासा थेट मेला असेल तर तो बहुधा उडी मारून बाहेर पडलेला किंवा काचेवर आपटलेला सापडतो. तोंडाशी किंवा नाकाडाशी खरचटल्याची खूण दिसते. टँकमध्ये शांतपणे तरंगताना सापडला तर कारण पाण्यात शोधा.

मग मोठ्या मत्स्यालयांत फ्लॅशला बंदी का असते?

असावीच, माझंही मत तेच आहे. घरी तुम्ही चार फोटो काढता. सार्वजनिक मत्स्यालयात एका टाकीसमोरून दिवसात शेकडो, सुट्टीच्या दिवशी हजारो माणसं जातात. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा नव्हता. आता कॅमेरा नसलेला माणूस शोधावा लागेल. कोणत्या टाकीला फ्लॅश चालतो आणि कोणत्या नाही, हे प्रत्येकाला समजावत बसण्यापेक्षा सरसकट बंदी सोपी.

शिवाय काही टाक्यांना तो खरंच चालत नाही. ऑक्टोपस आणि माकुळ बिचकतात. मुद्दाम काळोखात ठेवलेले निशाचर मासे, खोल पाण्यातले जीव यांचे डोळे पूर्ण अंधाराला सरावलेले असतात. अटलांटिकच्या तळाशी उष्ण झऱ्यांजवळ राहणाऱ्या कोळंबीच्या डोळ्यांचा पडदा पाणबुडीच्या प्रखर दिव्यांनी कायमचा निकामी होत असल्याचं संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं होतं. कोळंबी म्हणजे मासा नव्हे आणि पाणबुडीचे दिवे म्हणजे मोबाईल नव्हे, पण काळोखातल्या डोळ्याशी खेळू नये एवढं त्यातून नक्की कळतं.

तिसरं उदाहरण ट्यूना माशाचं. जपानच्या किंदाई विद्यापीठाने २००२ मध्ये ब्लूफिन ट्यूनाचं अंड्यापासून अंड्यापर्यंतचं पूर्ण जीवनचक्र बंदिस्त पाण्यात साधलं. त्या वाटेवर त्यांची एक मोठी डोकेदुखी म्हणजे रात्री अचानक पडणारा उजेड. रस्त्यावरच्या गाडीचे हेडलाईट किंवा वीज चमकली की लहान ट्यूना सुसाट सुटायचे आणि जाळ्यावर, भिंतीवर आपटून मरायचे. उपाय म्हणून त्यांनी रात्रभर दिवे चालू ठेवले, म्हणजे चमक अंधारात पडू नये!

घरच्या टँकमध्ये कोणत्या माशांची जास्त काळजी घ्यावी?

पहिला नंबर दुकानात ‘शार्क’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पंगेसियसचा. नजर यथातथा, स्वभाव भित्रा आणि वेग भयानक. हा मासा बुजला की टँकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीरासारखा जातो, काचेवर डोकं आपटतो आणि मग बराच वेळ मेल्यासारखा आडवा पडून राहतो. (खरं तर तो फूटभर टँकमध्ये ठेवायचा मासाच नव्हे. नदीत तो चार फुटांपर्यंत वाढतो.) त्याच्या टँकवर फ्लॅश नकोच.

बाला शार्क, सिल्व्हर डॉलर आणि अरोवाना हे उडी मारणारे. झाकण घट्ट नसेल तर फोटोची हौस महाग पडते. डिस्कस आणि निऑन टेट्रा हे झाडांच्या सावलीतल्या, चहासारख्या गडद पाण्याचे रहिवासी, त्यांना प्रखर काहीच आवडत नाही. अल्बिनो ऑस्कर किंवा अल्बिनो कोरीच्या डोळ्यात वर सांगितलेलं काळं रंगद्रव्य नसतं, म्हणजे संरक्षणच नाही. या दोघांसाठी टँकचा नेहमीचा लाईटही थोडा मंदच ठेवा. फायटर, गप्पी, गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न ही मंडळी निर्ढावलेली असतात.

रात्री पाणी प्यायला उठलो, टँकचा लाईट लावला, तर मासे वेड्यासारखे पळाले. काय झालं?

फ्लॅशबद्दल शंभर जण विचारतात, याबद्दल एखादाच. खरं तर घरातल्या माशांना सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. गाढ झोपेतल्या माणसाच्या तोंडावर कुणी खाडकन ट्यूबलाईट लावावी, तसं हे आहे. फरक इतकाच की आपण डोळे मिटून घेतो. माशाला ते करता येत नाही, त्याच्या डोळ्याला उजेडाशी जुळवून घ्यायला मिनिटं लागतात, आणि फ्लॅशसारखा हा उजेड क्षणात जातही नाही.

म्हणून क्रम ठेवा. सकाळी आधी खिडकीचा पडदा किंवा खोलीचा दिवा, दहा-पंधरा मिनिटांनी टँकचा लाईट. रात्री आधी टँकचा लाईट बंद, खोलीचा नंतर. पैसे खर्च करायचे असतील तर हळूहळू उजळणारा आणि मावळणारा डिमर घ्या, नाहीतर साधा टायमर आणि खोलीतला दिवा यांवरही काम भागतं. रात्री बघायचंच असेल तर लांबच्या दिव्याच्या उजेडात बघा.

त्या वेळी निऑन टेट्रा फिके, कळाहीन दिसले तर घाबरू नका. अंधारात त्यांची निळी पट्टी मंदावते आणि उजेडात तासाभरात पूर्ववत होते. रात्री एकला फोन करून "मासे आजारी पडले" म्हणणाऱ्यांत निऑनवाले बरेच असतात.

लाल टॉर्चने बघितलं तर? लाल रंग माशांना दिसत नाही म्हणतात.

समुद्रात खोलवर राहणाऱ्या बऱ्याच माशांच्या बाबतीत ते खरं, कारण लाल प्रकाश तिथवर पोचतच नाही. गोड्या पाण्यातले मासे लाल रंग बघतात, गोल्डफिश तर उत्तम. लाल टॉर्च पांढऱ्यापेक्षा मंद असतो म्हणून कमी त्रास देतो, एवढंच.

लाईट अचानक गेली तरी त्रास होतो का?

थोडासा. झेब्रा डॅनिओच्या पिल्लांवरचे प्रयोग सांगतात की अचानक अंधार झाला की ती अंग वळवून झटक्यात दिशा बदलतात. भारनियमनाच्या गावात हे रोजचंच, आणि मासे त्याला सरावतात. लाईट जाण्यापेक्षा ती परत येते तेव्हा लक्ष द्या: टँकचं बटण चालूच राहिलं असेल तर मध्यरात्री वीज आल्यावर सगळं एकदम झगमगतं. लाईट गेल्यावर टँकच्या दिव्याचं बटण बंद करून ठेवा. एअर पंपाचं आणि फिल्टरचं मात्र चालूच ठेवा.

नवीन एलईडी लावल्यापासून मासे लपून बसतात. जास्त प्रखर झाला का?

शक्यता तीच. दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, तुमचा एलईडी त्याच्या जवळपासही जात नाही. पण नदीतल्या माशाला सावली निवडता येते. उघड्याबोडक्या टँकमध्ये, पांढऱ्या वाळूवर, वरून तळपणारा दिवा असेल तर लपायला जागाच नसते. माझ्या मते बहुतेक वेळा दिवा बदलण्याची गरज नसते. ड्रिफ्टवूडचा एक तुकडा, पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीचा एक पुंजका आणि मागच्या काचेला गडद कागद, एवढ्याने आठवडाभरात मासे मोकळे फिरू लागतात. डिमर नसेल तर पट्टी सहा इंच वर टांगा.

लाईट दिवसाला किती तास ठेवावा?

आठ ते दहा तास. जिवंत झाडं नवीन लावली असतील तर सहापासून सुरू करा, नाहीतर शेवाळ तुमच्या आधी टँकचा ताबा घेईल.

रात्रभर निळा लाईट छान दिसतो. चालेल?

दिसतो छान, पण नको. माशांना अंधार लागतो. ते झोपतात, पापण्या नसल्यामुळे आपल्याला कळत नाही. झेब्रा डॅनिओ सतत उजेडात ठेवला तर त्याची झोप जवळजवळ नाहीशी होते. पाहुणे जाईपर्यंत तासभर निळा दिवा लावलात तर बिघडत नाही.

अरोवानाचा रंग खुलावा म्हणून ‘टॅनिंग लाईट’ लावतात. ते बरोबर आहे का?

आग्नेय आशियातल्या महागड्या अरोवानांवरून ही पद्धत आपल्याकडे आली. पाण्यात बुडवलेले प्रखर दिवे तासन् तास, कधी चोवीस तास. आपल्याकडे सर्रास मिळणारा सिल्व्हर अरोवाना कितीही भाजलात तरी लाल किंवा सोनेरी होणार नाही, तेव्हा निदान त्याच्यापुरता तरी हा उद्योग निव्वळ छळ आहे.

असा कुठला प्रकाश आहे का, जो खरंच डोळे जाळतो?

आहे, दोन आहेत, आणि फ्लॅशच्या गप्पांत ते बाजूला राहतात.

पहिला यूव्ही दिवा. हिरवं पाणी स्वच्छ करायला वापरतात तो यूव्ही-सी प्रकाश जंतू मारतो, तसाच तो डोळ्यांना आणि त्वचेलाही भाजतो, माशाच्या आणि तुमच्याही. तो बंद नळकांड्यात असला पाहिजे, पाणी त्यातून फिरून बाहेर यावं. बाजारात नुसती उघडी नळी स्वस्तात मिळते, पाण्यात टाकायची आणि लावायची. ती घेऊ नका. घेतली असेल तर मासे आणि माणसं समोर असताना लावू नका. मंद निळसर दिसते म्हणून फसू नका, कारण घातक भाग डोळ्यांना दिसतच नाही.

दुसरा लेझर. मासे लाल ठिपक्यामागे धावतात म्हणून मुलं टँकवर लेझर मारतात. फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर पसरून विरळ होतो, लेझरचा तसाच एकवटून डोळ्यात शिरतो. मिरवणुकांतल्या लेझर दिव्यांनी माणसांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आपण वाचल्या आहेत. माशाचा डोळा त्याहून टणक नाही. शिवाय काचेवरून परतलेला किरण मुलाच्याच डोळ्यात जाऊ शकतो.

फ्लॅशशिवाय फोटो काळपट आणि हललेले येतात. काय करू?

फ्लॅशने ते सुधारतात असं वाटतं, पण समोरून मारलेला फ्लॅश काचेवरून थेट परत येतो आणि फोटोत माशाऐवजी पांढरा डाग येतो. माशाच्या जिवासाठी नाही तरी निदान फोटोसाठी तो बंद करा.

काच आतून-बाहेरून पुसा. आतली शेवाळाची झिलई डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. आतली काच आदल्या दिवशी घासा, नाहीतर उडालेला गाळ फोटोत चांदण्यांसारखा चमकतो. खोलीतले सगळे दिवे बंद, पडदे ओढलेले, टीव्हीसुद्धा बंद, फक्त टँकचा लाईट पूर्ण. मोबाईल काचेला जवळजवळ टेकवा आणि सरळ धरा, तिरका धरला की काच आणि पाणी मिळून मासा धूसर करतात. मोबाईलमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/१२५ किंवा १/२०० ठेवा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ८०० ते १६०० पर्यंत जाऊ द्या. थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला मासा कुणालाच नको असतो. फोटोत आडवे पट्टे आले तर ते एलईडीच्या लुकलुकण्याचे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने शटर १/१०० करून बघा.

मग थांबा. माशाच्या मागे मोबाईल फिरवू नका. एका जागेवर फोकस लावून ठेवा आणि मासा तिथे यायची वाट बघा. खायच्या वेळेआधी मासे पुढच्या काचेशी येऊन घुटमळतात, तीच वेळ. फायटर किंवा फ्लॉवरहॉर्नला काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की तो पर फुलवून उभा राहतो, फोटो झकास येतो. मात्र ते त्याच्या दृष्टीने भांडण आहे, दोन मिनिटांत आटपा.

आणि फ्लॅश वापरायचाच असेल तर?

चांगले मत्स्यछायाचित्रकार फ्लॅश सर्रास वापरतात, फक्त कॅमेऱ्यावर नाही. सुटा फ्लॅश टँकच्या झाकणावर, खाली तोंड करून ठेवतात. उजेड वरून येतो, माशाच्या खवल्यांवर खरा रंग दिसतो, काचेवर चकाकी येत नाही आणि माशालाही वरून येणारा उजेड ओळखीचा असतो. फ्लॅशखाली काचेचं झाकण घट्ट बसलेलं पाहिजे, नाहीतर तो पाण्यात पडेल. टँकचा लाईट आधी अर्धा तास चालू असू द्या. पहिला फ्लॅश मारून मासे बघा. दचकून कोपऱ्यात गेले, रंग उतरला, कल्ले भराभर हलू लागले, तर त्या दिवशी पुरे.

मोबाईलच्या व्हिडिओसाठी लावलेला टॉर्च हा फ्लॅश नव्हे. तो सतत जळतो, आणि अंधाऱ्या टँकवर रोखला तर फ्लॅशपेक्षा जास्त त्रास देतो. फोकससाठी आपोआप लागणारा छोटा दिवाही सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

अंडी आणि पिल्लं असतील तर?

फोटो राहू द्या. निऑन आणि कार्डिनल टेट्राची अंडी, नुकती फुटलेली पिल्लं उजेड सोसत नाहीत, म्हणून पैदास करणारे टँकला काळा कागद किंवा गोणपाट गुंडाळून ठेवतात. गप्पी, मॉलीच्या पिल्लांना इतकं जपावं लागत नाही, तिथे धोका उजेडापेक्षा आईबापांचा जास्त.

मासा खरंच आंधळा झालाय हे कसं ओळखायचं?

काचेच्या एका बाजूने बोट हळूच आणा, न टेकवता. दिसणारा मासा वळतो, सरकतो किंवा खाण्याच्या आशेने जवळ येतो. आंधळा मासा ढिम्म राहतो, वस्तूंना घासून जातो, खाणं समोरून गेलं तरी उशिरा कळतं. एकाच डोळ्यावर पांढरा पडदा असेल तर बहुधा मार लागलेला असतो, दोन्हीवर असेल तर पाणी खराब. दोन्हींचा फ्लॅशशी संबंध नाही. पाणी बदला, आठवडाभर वाट बघा.

नजर नाही परतली तरी मासा जगतो. वास आणि अंगावरची, पाण्याची हालचाल टिपणारी संवेदनारेषा यांवर तो पुष्कळ काम भागवतो. मेक्सिकोच्या गुहांतला टेट्रा तर डोळ्यांशिवायच पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. खाणं रोज त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात, बुडणारं द्या, आणि टँकमधली मांडणी बदलू नका.